गव्हाळ रंगाचे एकतीस थेंब

आषाढातल्या तिसऱ्या गुरुवारी दुपारी तीन वाजता कोल्हारच्या छंदवर्धिनी महिला मंडळाच्या सभेत असं ठरलं की, मंडळाची रंगजुळणी चकती अत्यंत उत्तम चालते. सबब तिच्यात तातडीने सुधारणा करण्यात यावी.

ही चकती मी केलेली. चकती म्हणजे फार काही नाही. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची ताटाएवढी दोन वर्तुळं, मधोमध एक टिचबटण. खालच्या वर्तुळाच्या कडेनं चौऱ्याऐंशी रंगांचे चौकोन, वरच्याला दोन खिडक्या. हवा तो रंग पहिल्या खिडकीत आणला की दुसऱ्या खिडकीत दिसतं, कोणत्या बाटलीतले किती थेंब घ्यायचे ते. मोरपंखी, आमसुली, अबोली, श्रीखंडी, चिंतामणी. लंकाबाईच्या मॅचिंग सेंटरातून ब्लाउजपीसचे कातरे आणून, शाईच्या ड्रॉपरनं थेंब मोजून एकेक रंग जुळवायला मला तीन वर्षं लागली. आमच्याकडे कोणी कापडावर रंगवतं, कोणी काचेवर, कोणी माठावर. पूर्वी एक अबोली जुळवायला अर्धी वाटी रंग मोरीत जायचा. चकती आल्यापासून मोरी पांढरी राहिली होती.

मंडळाच्या अध्यक्षा राजेश्वरीताई नगरला राहतात. दर गुरुवारी त्या शिर्डीला दर्शनाला जातात आणि कोल्हार वाटेत पडतं, म्हणून आमची सभा गुरुवारी तीन ते चार. सभा चालू असेपर्यंत बाहेर त्यांच्या गाडीचं इंजिन चालू असतं.

अडचण एवढीच की, गुरुवारी माझं मौन असतं.

तसे माझे नेम पुष्कळ. सोमवारी एकभुक्त, शुक्रवारी आंबट वर्ज्य, शनिवारी मारुतीला तेल. पण गुरुवारचा नेम संकल्पाचा. माझ्या सासूबाई, कडूबाई, सहा वर्षं मोतीबिंदूनं चाचपडत होत्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी बोलून गेले, ‘आईंना दिसू दे, एकशे आठ गुरुवार सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत तोंड उघडणार नाही.’ आईंना दिसू लागलं. घरातला कोळी, डब्यातली अळी आणि माझ्या केसातला पांढरा, सगळं दिसू लागलं. देवानं आपलं काम चोख केलं. मला माझं करणं भाग होतं. मौन म्हणजे मौन. त्यात हुंकार नाही, खुणा नाहीत, पाटीवर लिहिणं नाही. मान हलवायची सूट मात्र मी माझ्याकडून ठेवली होती. त्या दिवशीचा गुरुवार सत्त्याण्णवावा होता.

“चकतीत काही दोष आहे का?” प्रज्ञाताईनं विचारलं. प्रज्ञाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळच्या पाळीची शिक्षिका. बुद्धपौर्णिमेला तिनं काचेवर काढलेलं निळं कमळ चकतीच्या एक्केचाळीस नंबरचं, आणि अजूनही तिच्या दारावर तसंच टवटवीत आहे.

“दोष नाही, म्हणूनच सुधारणा,” आप्पासाहेब म्हणाले. “दोष असता तर दुरुस्ती म्हटलं असतं. दुरुस्ती वेगळ्या सदरात येते.”

आप्पासाहेब पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले. महिला मंडळात ते कसे, असं कोणी विचारलं की ते सांगतात, “मी सल्लागार आहे. सल्ल्याला स्त्री-पुरुष भेद नसतो.” त्यांना मत नव्हतं, पण पेन होतं. इतिवृत्त तेच लिहीत.

“आणि किती दिवस पुठ्ठा वापरणार?” राजेश्वरीताई म्हणाल्या. “एकविसावं शतक दारात उभं आहे. ही चकती जिल्ह्याच्या प्रदर्शनात ठेवायची तर काहीतरी अपटुडेट नको का?”

“माझी हरकत आहे,” प्रज्ञाताई म्हणाली.

“हरकतीला अनुमोदक लागतो,” आप्पासाहेब म्हणाले. “आहे कोणी?”

आम्ही एकूण पंधराजणी होतो. बाराजणींनी चिवड्यातले शेंगदाणे शोधायला सुरुवात केली. प्रज्ञाताईनं माझ्याकडे पाहिलं. “विमलताई, नुसतं ‘हो’ म्हणा. चकती तुमची आहे.”

मी जोरात मान हलवली. आप्पासाहेबांनी चष्मा पुसला आणि लिहिलं: ‘सौ. विमलबाई यांच्या मानेचा निर्देश उभा की आडवा हे स्पष्ट न झाल्याने विचारात घेतला नाही. अन्य कोणी न बोलल्याने ठराव सर्वानुमते मंजूर.’

चकती त्याच दिवशी नव्या सुधारणा समितीच्या ताब्यात गेली. माझी थेंबांची वहीही ‘अवलोकनार्थ’ गेली.

दिवेलागणीला मी देवापुढे वात लावली आणि पहिला शब्द म्हणाले, “नको.” देवानं ऐकलं असावं, पण देव समितीवर नव्हता.

आता हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण घरात दुसरी गोष्ट घडली होती. आमच्याकडे गौरी मुखवट्याच्या. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी, एका रंगाच्या, शेतातून दुपारच्या घरी आलेल्या बायांसारख्या नितळ गव्हाळ. त्याच आठवड्यात पेटीतून काढून ऊन दाखवताना धाकटीच्या गालाचा आठाण्याएवढा टवका उडाला. आईंनी तो लगेच पाहिला. आता त्यांना दिसत होतं ना!

“सा वरसं म्या ह्यांना हातानं चाचपून पुजलं, गेल्या सालाला सुतकात बसल्याच न्हाईत,” आई म्हणाल्या. “औंदा डोळं भरून बघनार हाय. दोघी एका रंगाच्या बसल्या पायजेत, विमल. भैनी-भैनीत भेद दिसला तर मला घास जायचा न्हाई.”

“हो आई. चकतीवर सतरा नंबरला गव्हाळ आहे. अर्ध्या तासाचं काम.”

थेंब पाठ का नव्हते, असं कोणी विचारील. मला पोथी पाठ आहे, थेंब नाहीत. तेवढ्यासाठीच तर चकती केली. तरी नुसत्या नजरेनं मी दोनदा करून पाहिलं. एकदा धाकटीला कावीळ झाली, एकदा ती दारावर आलेल्या परक्या माणसाला पाहून लाजल्यासारखी गुलाबी झाली. दोन्ही वेळा ओल्या फडक्यानं पुसून घेतलं.

शुक्रवारी मी समितीला अर्ज केला: ‘चकती एक दिवस परत मिळावी. सुधारणेची गरज नाही.’ बुधवारी उत्तर आलं: ‘आपला अर्ज स्तुत्य आहे. तथापि हरकती केवळ सभेत, तोंडी व व्यक्तिशः घेता येतील. सभा गुरुवारी आहे.’

मी बुधवारीच आप्पासाहेबांच्या घरी गेले. माझा आवाज मुळातच लहान. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजीसुद्धा मला नाव दोनदा विचारतात. तरी मी धीर करून म्हटलं, “आप्पासाहेब, सभा एखाद्या शुक्रवारी घ्या ना.”

“वार बदलायचा तर तसा ठराव लागेल.”

“मग मांडा ना ठराव.”

“मांडू की,” ते म्हणाले. “गुरुवारी.”

अठ्ठ्याण्णवाव्या गुरुवारी चकतीचं संगणकीकरण सुरू झालं. बाभळेश्वरला पंकजसरांचा संगणक क्लास होता. दारात चपला काढून, हात धुऊनच आत जाता यायचं, त्यामुळे मला ते ठिकाण फार आवडलं. आम्ही पंधराजणी टेम्पोनं गेलो. थंड खोलीत, मखमली आच्छादनाखाली संगणक होता. पंकजसरांनी आच्छादन काढलं तेव्हा दोघींनी नकळत हात जोडले.

सरांनी बटणं दाबली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: रंग १. रंग २. रंग ३.

“रंग कुठायत?” प्रज्ञाताईनं विचारलं.

“आत आहेत,” पंकजसर म्हणाले. “दिसत नाहीत एवढंच. हा मॉनिटर फक्त हिरवं दाखवतो. रंगीत मॉनिटर पुढच्या टप्प्यात.”

“सर, रंग जुळवायचं यंत्र आहे हे. रंग दिसायला नकोत?”

“मॅडम, दिसले की डोळ्यावर विसंबून राहायची सवय लागते.”

आत आहे पण दिसत नाही, याला मी काय हरकत घेणार? माझा सगळा संसार त्याच विश्वासावर चाललेला. प्रज्ञाताईनं माझ्याकडे पाहिलं. मी बोटातली अंगठी फिरवली. इतिवृत्तात आलं: ‘अनुमोदक नाही.’ येताना सरांनी चौऱ्याऐंशी रंगांची छापील यादी दिली, थेंबांचे आकडे पुढच्या टप्प्यात. प्रिंटर कर्र कर्र करत अर्धा तास चालला, आणि चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी रंग काळ्या शाईत बाहेर आले. लंकाबाईनं कागद उजेडात धरला. “लई सुबक छापलंय,” ती म्हणाली. “डांबर सुदिक इतकं एकसारकं बसत न्हाई.”

नव्व्याण्णवाव्या गुरुवारी लंकाबाईनंच विषय काढला. तिची मुलगी वृषाली लग्नाची होती.

“अध्यक्षबाई, माजी एक सुधारना हाय. सतरा नंबर. गव्हाळ.”

“काय झालं गव्हाळला?”

“लई काळा धरलाय. आमी वृषालीच्या बायोडाट्यात गव्हाळ लिवलंय. आता ह्यो तक्ता जिल्ह्याला जानार. उद्या पावनं तक्ता घिऊन आलं, पोरीच्या गालाला लावून बघितलं, म्हंजी? पोरगी सावळी निघंल की वो! येक थेंब पांढरा वाढवा. येक.”

“अगं, पण गव्हाचा रंग बघून जुळवलाय तो,” प्रज्ञाताई म्हणाली. “वैशाखात नवा गहू समोर ठेवून.”

“गव्हाला कुटं बघाय येत्यात?”

पांढऱ्याचे नऊ थेंब होते, ते दहा झाले. पुढच्या गुरुवारी कुलकर्णी बाईंच्या भाचीसाठी दोन वाढले. त्याच्या पुढच्या गुरुवारी सभेला तीनच्या आधीच शंभर टक्के हजेरी होती, कारण गल्लीतल्या सगळ्याच मुलींचे बायोडाटे बाहेर पडले होते. प्रत्येकीला एकच थेंब हवा होता. कोणाला नाही म्हणायचं? मुलगी सगळ्यांनाच असते. नसली तर नणंद असते. राजेश्वरीताईंनी दिलदारपणे स्वतःच्या सुनेच्या वतीनं चार घातले. “सून आधीच गोरी आहे,” त्या म्हणाल्या, “पण तत्त्व म्हणून.”

एकतीस थेंबांवर आकडा थांबला. एकतिसावर थांबला कारण दुसऱ्या खिडकीत त्याहून जास्त थेंबांच्या खुणा मावेनात.

त्यातून एक प्रशासकीय अडचण उभी राहिली. गव्हाळ जर एवढा पांढरा, तर गोरा कुठे ठेवायचा? आणि पूर्वीचा गव्हाळ आता सावळ्याच्या घरात गेला, तर सावळ्याचं काय करायचं? आप्पासाहेबांनी त्यावर पोटसमिती नेमली. पोटसमितीनं चहा घेऊन निर्णय दिला: ‘सावळा हा रंग यापुढे माणसांकरिता उपलब्ध नसून फक्त पांडुरंगाकरिता राखीव राहील.’

पांडुरंगाचं नाव आल्यावर मला डोळे मिटून हात जोडावेच लागले. आप्पासाहेबांनी लिहिलं: ‘सौ. विमलबाई यांनी ठरावास हात जोडून पाठिंबा दिला.’

“विमलताई,” प्रज्ञाताई बाहेर चपला घालताना हळूच म्हणाली, “मी तुमच्या नेमाला नाव ठेवत नाही. पण बाकीच्या बाराजणींचा काय नेम आहे हो?”

मी उत्तर देणार होते, पण गुरुवार होता.

श्रावण असा गेला. आई रोज विचारायच्या, “झाला का गं धाकटीचा गाल?” आणि मी रोज म्हणायचे, “समितीत आहे, आई.” आईंना वाटलं समिती हे दवाखान्याचं नाव आहे. त्या अंगारा लावून ठेवायला सांगायच्या.

चकतीचं रूप मधल्या काळात पालटलं. पुठ्ठ्याला भारदस्तपणा नाही म्हणून प्लायवूड आलं. प्लायवूड लहान शोभेना म्हणून चकती बैलगाडीच्या चाकाएवढी झाली. फिरवायला दोघी लागू लागल्या. मधोमध टिचबटणाच्या जागी राजेश्वरीताईंचा फोटो बसला, तो अंमळ मोठा झाल्यानं पहिली खिडकी झाकली गेली. म्हणजे कोणता रंग आलाय ते दिसेना, थेंब मात्र दिसत. “थेंब महत्त्वाचे,” आप्पासाहेब म्हणाले. रंगांची नावं काढून संगणकाचे नंबर लावले, आणि वर सोनेरी अक्षरांत आलं: ‘प्रमाणित’.

एकशे चौथ्या गुरुवारी लोकार्पण ठरलं. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या.

“प्रात्यक्षिक कशावर दाखवायचं?” राजेश्वरीताईंनी आदल्या सभेत विचारलं होतं.

“विमलबाईंच्या गौरीचा अर्ज प्रलंबित आहे,” आप्पासाहेब म्हणाले होते. “त्यांची काही हरकत?” आणि माझ्याकडे पाहत त्यांनी लिहून टाकलं होतं: ‘हरकत नाही.’

लोकार्पण आमच्याच ओसरीत झालं. गाडीचं इंजिन बाहेर चालू. फीत कापली. लंकाबाई आणि कुलकर्णी बाईंनी चाक फिरवलं, पंकजसरांनी यादी वाचली, आप्पासाहेबांनी थेंब मोजले. एकतीस पांढरे, तीन पिवळे, दोन तपकिरी, एक लाल. राजेश्वरीताईंनी रेशमी पदर सावरून धाकटीच्या गालावर पहिला कुंचला फिरवला. टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्यावर सगळ्यांनी पाहिलं. गव्हाळ चेहऱ्यावर आठाण्याएवढा चुना.

आत माजघरात आई झोपल्या होत्या. मी मनात म्हटलं, आता तरी कोणी बोलेल.

“जुळत नाही,” प्रज्ञाताई म्हणाली.

“बरोबर,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा लावून मुखवटा जवळून तपासला. “रंग प्रमाणित आहे. प्रमाणित रंग चुकू शकत नाही. चेहरा प्रमाणित आहे का?”

लंकाबाई आणि कुलकर्णी बाई चाकामागे सरकल्या.

“म्हणजे दोष चेहऱ्यात आहे. चेहरा ठिपक्याशी जुळवून घेण्यात यावा.”

“माझी हरकत आहे!” प्रज्ञाताई उभी राहिली. “ही कोणाच्या तरी घरची गौर आहे, कार्यालयाची भिंत नाही. अनुमोदन! कोणीतरी द्या अनुमोदन!” ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “विमलताई. एक ‘हो’.”

माझ्या घशापर्यंत आला होता. खरं सांगते, ओठावर आला होता. पण एकशे तीन गुरुवार डोळ्यांसमोर आले, आईंचे डोळे आले, आणि मी ओठ आवळले. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. शिर्डीची आरती चुकत होती.

पाच मिनिटांत धाकटी कपाळापासून हनुवटीपर्यंत एकतीस थेंबांची झाली. थोरलीसाठी पांढरी बाटली पुरली नाही. तिचं प्रकरण पुढील टप्प्यात घेण्याचं ठरलं. मी ओलं फडकं घेऊन पुढे झाले, तर आप्पासाहेब म्हणाले, “पुसू नका. त्यात प्रमाणीकरणाचं औषध घातलंय, वाळलं की पक्कं.” ते औषध म्हणजे वार्निश होतं.

शुक्रवारी गौरी आल्या. शनिवारी पूजन. पुरणावरणाचा नैवेद्य, सोळा भाज्या. आईंची गुरुवारपासून कंबर अवघडली होती, तेव्हा त्यांना संध्याकाळी हळदीकुंकवाच्या वेळीच समोर आणून बसवायचं ठरलं. तोवर ओसरी बायकांनी भरली होती. थोरली गव्हाळ, धाकटी नीळ दिलेल्या धोतरासारखी. शेजारी-शेजारी.

मला वाटलं, आता कोणीतरी कपाळावर हात मारून घेईल.

“अगंबाई!” कुलकर्णी बाई म्हणाल्या. “धाकटी काय उजळलीये यंदा!”

“लक्शिमी हाय लक्शिमी,” लंकाबाई म्हणाली. “आन् थोरलीला बी उजळवून घ्या, विमलबाई. लई राबल्यागत दिसती बिचारी.”

“तेच म्हणते मी. नाही का हो, विमलबाई?”

बाराच्या बाराजणी माझ्याकडे पाहत होत्या. हातात कुंकवाचा करंडा होता, अंगावर नवी साडी होती, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आणि माझ्या तोंडून, माझ्या या लहानशा आवाजातून, कधी नव्हे तो खणखणीत शब्द बाहेर पडला.

“हो!” मी म्हणाले. “उजळली खरी.”

ज्या एका ‘हो’साठी प्रज्ञाताई सगळा आषाढ-श्रावण माझ्या तोंडाकडे बघत बसली होती, तो हा असा बाहेर आला. प्रज्ञाताई दारातच उभी होती. बाजारातून येताना आईंसाठी पेरू घेऊन आली होती. तिनं पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि गेली.

तेवढ्यात आईंना धरून आणलं. त्या पाटावर बसल्या, काळ्या जाड काड्यांचा चष्मा सारखा केला आणि इतक्या वर्षांनी डोळे भरून पाहिलं. आधी थोरलीकडे. हसल्या. मग धाकटीकडे. बराच वेळ.

“विमल,” आई म्हणाल्या, “हिला कुनी भेवडावलं गं?”

ओसरीतल्या बायका पदर सावरू लागल्या.

“आई, ते समितीत…”

“तू हुतीस का थितं?”

“होते.”

“मंग बोलली न्हाईस?”

“गुरुवार होता, आई. तुमच्या डोळ्यांचाच नेम.”

आईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत न लावता मांडीवर ठेवला. हात लांब करून धाकटीचा गाल चाचपला, जसा सहा वर्षं चाचपत होत्या.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आन् आत्ता मगाशी बोललीस त्यो वार कंचा?”

नेमाचे चार गुरुवार राहिले आहेत, ते मी पाळीनच. चकती जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिली आली; सध्या ती पंकजसरांच्या क्लासबाहेर सायकली टेकवायला उभी आहे. वृषालीला पाहायला पाहुणे येऊन गेले, मुलगी पसंत पडली, फक्त त्यांनी तिला तोंड धुऊन यायला सांगितलं.

हे वाचून तुम्ही मला खुशाल हसा. मी रागावणार नाही, रागावायचं नाही असा माझा बुधवारचा नेमच आहे. फक्त हसून झालं की तुमच्या मागच्या सभेची आठवण करा: सोसायटीची असेल, शाळेची असेल, घरातलीच असेल. कोणीतरी उभं राहून म्हणालं होतं, ‘माझी हरकत आहे,’ आणि वळून तुमच्याकडे पाहिलं होतं. तुम्ही शेंगदाणे शोधत होतात. कॅलेंडर काढा आणि बघा, तो कोणता वार होता.

माझा गुरुवार होता. तुमचा?